वयात येताना विचारायचं कुणाला?

या महिन्यातली पत्रं शरीराबद्दलची आहेत, पण बहुतेकांच्या शेवटी एकच ओळ आहे: हे विचारायचं कुणाला? आई लाजते, शाळेत धडा वाचून पुढे जातात, मित्राला आपल्याइतकंच कळतं आणि मोबाईल नको ते आधी दाखवतो. म्हणून यावेळी उत्तराबरोबर कुठल्या प्रश्नासाठी कुठे जायचं तेही सांगितलं आहे. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

माझी मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, आता इंग्रजी माध्यमात. पाळीबद्दल सांगायला गेलं की म्हणते, "आई, टीचरनी सांगितलंय, मला सगळं माहीत आहे." नेमकं काय माहीत आहे ते मला कळत नाही आणि तिच्या पुस्तकातले शब्द मला येत नाहीत. मी सांगू काय?
— एक आई, डिचोली

ताई, मुलगी खोटं बोलत नाही. सातवी-आठवीच्या विज्ञानात वयात येण्याचा धडा आहे, दहावीत प्रजननाचा आहे. त्यापुढचं सविस्तर शिक्षण बारावीला, तेही जीवशास्त्र घेणाऱ्यांनाच. पुस्तकात गर्भाशयाची आकृती असते, अठ्ठावीस दिवसांचं चक्र असतं. वर्गात स्कर्टला डाग पडला तर काय करायचं, रक्ताची गुठळी पडली तर घाबरायचं का, हे त्यात नसतं. ते तुमच्याकडूनच यायला हवं.

दुसरी अडचण भाषेची, आणि गोव्यात ती घरोघरी आहे. शाळेत ती 'मेन्स्ट्रुएशन' शिकते, घरी 'कावळा शिवला', 'बाजूला बसली' ऐकते. या दोन्ही एकाच गोष्टी आहेत हे तिला कळतं, पण शंका विचारायची तर कुठल्या शब्दांत? म्हणून एक संध्याकाळ तिचंच पुस्तक घेऊन बसा. आकृतीतल्या एकेका भागाचं नाव तिला वाचायला लावा आणि शेजारी पेन्सिलीने मराठी शब्द लिहा: यूटरस म्हणजे गर्भाशय, ज्याला आपण पिशवी म्हणतो, ओव्हरी म्हणजे बीजांडकोश, व्हजायना म्हणजे योनिमार्ग. लघवीची जागा, योनिमार्ग आणि शौचाची जागा ही तीन वेगळी तोंडं आहेत, हे मुद्दाम सांगा. लघवीच्याच जागेतून पाळी येते असं वाटणाऱ्या मोठ्या बायकाही आहेत. इंग्रजी शब्द तिने तुम्हाला शिकवला आणि मराठी तुम्ही तिला, की बोलणं दोघींचं होतं.

मग पॅड हातात घ्या. पाकीट फोडून दाखवा, मागचा कागद काढून निकरला कसं चिकटवायचं, पंख खाली कसे दुमडायचे, वापरलेलं पॅड रद्दी पेपरात कसं गुंडाळायचं. कमोडमध्ये टाकायचं नाही. भरलं नसलं तरी ४ ते ६ तासांनी बदलायचं, म्हणजे शाळेच्या दिवशी मधल्या सुट्टीत एकदा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक निकर आणि एक कागदी पिशवी आतापासूनच ठेवा, पाळी सुरू व्हायची वाट बघू नका.

कापड वापरत असाल तर आधी थंड पाण्यात धुवायचं, नंतर साबण. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. खरी अडचण पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जाड कापड आतून सुकतच नाही. वरून कोरडं लागतं, घडीत ओल राहते आणि मग जांघेत खाज, बुरशी. त्या महिन्यांत कापड पातळ, एकपदरी ठेवा आणि वापरण्याआधी इस्त्री फिरवा. दांडीवर इतर कपड्यांखाली लपवून सुकवलेलं कापड कधीच नीट सुकत नाही.

तिला आकडेही सांगा, आकड्यांनी भीती जाते. पहिली पाळी साधारण १२-१३ व्या वर्षी येते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही आली तरी चालतं. रक्तस्राव २ ते ७ दिवस. सगळ्या दिवसांचं मिळून रक्त ३० ते ८० मिली, म्हणजे दोन ते पाच मोठे चमचे. दिसायला ते खूप वाटतं. डॉक्टरकडे कधी न्यायचं? दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांपलीकडे गेला, शाळा बुडवावी लागेल इतकं दुखत असेल, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. ती जेवल्यावर घ्यायची आणि तासभर तरी चहा टाळायचा. गोळीमुळे शौच काळं होतं, त्याला घाबरू नये.

घरात शिवाशिव पाळत असाल तर एवढंच सांगतो: पाळीच्या रक्तात अशुद्ध काही नसतं. चार दिवस बाजूला बसलेली मुलगी पहिला धडा हाच शिकते की याबद्दल बोलायचं नाही. पुढे खाज सुटली, पांढरं जास्त जायला लागलं, कुणी नको तसा हात लावला, तरी ती तोच धडा गिरवते.

मी बारावीत आहे. झोपेत वीर्य जातं, हातानेही करतो. अंग बारीक आहे, म्हणून मित्र म्हणतात की त्यामुळेच. मोबाईलवर जाहिरात बघून तीन हजारांची औषधं मागवली, फरक नाही. मित्रांकडे व्हिडिओ असतात, त्यातल्यासारखं आपलं नाही असं वाटतं. घरी सांगू शकत नाही.
— पेडणे

मित्रा, औषधं आजच बंद कर. तुला आजार नाही. वीर्य सतत तयार होत असतं आणि साठलेलं झोपेत बाहेर पडतं. त्याला दोष म्हणायचंही कारण नाही. एका वेळी ते साधारण २ ते ५ मिली असतं, चहाच्या चमच्याएवढं. चाळीस थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब बनतो, हे आजोबांच्या काळापासून चालत आलेलं आहे आणि खोटं आहे. हस्तमैथुनाने अंग बारीक होत नाही, डोळे खोल जात नाहीत, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. अभ्यास, झोप, मैदान सोडून दिवसभर तेच होत असेल तर तेवढंच बघायचं. बारीक असण्याचं कारण आधी ताटात शोध, मग हिमोग्लोबिन तपासून घे.

लिंगाची ताठरलेली लांबी सरासरी १३ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि त्यापेक्षा बरंच कमी-जास्त असणंही सामान्य आहे. व्हिडिओतली माणसं निवडून घेतलेली असतात, तासाभराचं चित्रीकरण कापून जोडलेलं असतं. समोरच्या बाईची इच्छा, नकार, गर्भाची काळजी, कंडोम हे सगळं त्यातून गाळलेलं असतं. पोहायला शिकायचं तर कुणी सिनेमातली समुद्रातली मारामारी बघत नाही. तेच इथे.

जाहिरातीबद्दल: लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला भारतात १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. बस स्टँडच्या भिंतीवर असो वा मोबाईलवर, अशी जाहिरात करणारा पहिलं पाऊलच बेकायदा टाकतो. कुठलंही पान किंवा व्हिडिओ बघताना तीन गोष्टी तपास. सांगणारा कोण, त्याचं शिक्षण काय? शेवटी काही विकतोय का? "डॉक्टरांकडे कधी जायचं" हे सांगतोय का? भीती दाखवून खाली फोन नंबर देणारं पान बंद कर.

विचारायला जवळच्या आरोग्य केंद्रात जा. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे आणि त्यात किशोरवयीनांसाठी वेगळ्या क्लिनिकची सोय आहे. वार आणि वेळ केंद्राप्रमाणे बदलते, ती आधी विचारून घे. केस पेपर काढताना खिडकीवर तक्रार सांगायची गरज नाही. "डॉक्टरांशी खासगी बोलायचंय" एवढं पुरे. गावातलं केंद्र नको वाटत असेल तर म्हापशाला जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात (जीएमसीत) त्वचा विभागात जा. लाल पुरळ, जखम, लघवीला जळजळ, पू, असं काही असेल तर सरकारी रुग्णालयातलं 'सुरक्षा क्लिनिक' याच कामासाठी आहे.

एक गोष्ट मात्र घरी लगेच सांगायची. अंडकोषात अचानक जोरात दुखायला लागलं, सोबत मळमळ आली, एक गोळी वर चढल्यासारखी वाटली, तर तिथे पीळ पडलेला असू शकतो. ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो. लाजेने सकाळपर्यंत थांबलेल्या मुलाचा तो बऱ्याचदा काढावा लागतो. १०८ ला फोन करून सरळ जीएमसी.

फोंड्याला होस्टेलवर राहते, वय २०. माझ्या मैत्रिणीने या महिन्यात तीनदा '७२ तासांची गोळी' घेतली. फार्मसीत चिठ्ठी लागत नाही. आता पाळी आलेली नाही. मुली म्हणतात, आणखी एक घे, साफ होईल.

मैत्रिणीने आणखी गोळी घेऊ नये. या गोळीत १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. ते बीज बाहेर पडणं पुढे ढकलतं. बीज बाहेर पडून गेलं असेल तर फारसा उपयोग नाही, आणि गर्भ राहिला असेल तर अजिबात नाही. 'साफ' होतं ते या गोळीने नाही. संबंधानंतरचे ७२ तास ही शेवटची मुदत आहे, जितक्या लवकर घ्याल तितका गुण. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. आणि होस्टेलवर सगळ्यांत कमी माहीत असलेली गोष्ट: गोळी पुढच्या दिवसांचं संरक्षण करत नाही. बीज पुढे ढकललेलं असतं, म्हणून त्यानंतरच्या असुरक्षित संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता खरोखरच असते. तीनदा घेतल्याने शरीराची नासाडी होत नाही, पण पाळीचा हिशोब बिघडतो आणि चाचणी कधी करायची ते कळेनासं होतं.

चाचणी शेवटच्या संबंधानंतर ३ आठवड्यांनी करावी. सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या वाटीत घ्यायची, ड्रॉपरने किटवर लिहिलेले, बहुधा २-३, थेंब गोल खळग्यात टाकायचे, किट सपाट ठेवायचं आणि ५ मिनिटांनी वाचायचं. 'सी' समोर एक रेघ म्हणजे गर्भ नाही, 'सी' आणि 'टी' दोन्ही म्हणजे आहे, दुसरी फिकट असली तरी. 'सी'ची रेघ उमटलीच नाही तर किट फुकट गेलं. अर्ध्या तासाने दिसलेली पुसट रेघ मोजायची नाही. चाचणीत 'गर्भ नाही' असं आलं आणि आठवड्यात पाळीही आली नाही, तर पुन्हा एकदा.

दोन रेघा आल्या तर फार्मसीतून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणू नयेत. त्या ९ आठवड्यांपर्यंतच चालतात, आणि गर्भ नळीत असेल तर काहीच करत नाहीत. त्या बाईला मग एका बाजूला कळा, चक्कर आणि आत रक्तस्राव. म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी. कायदा तिच्या बाजूने आहे. १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं आणि तिचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे. १८ च्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरांनी पोलिसांना कळवणंही बंधनकारक आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपाताच्या बाबतीत कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. या भीतीने दवाखाना टाळून उशीर केला की सगळंच अवघड होतं.

संबंध नेहमीचे असतील तर नेहमीचा उपाय हवा. सरकारी केंद्रांत तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी), 'छाया' गोळी आणि दर तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन मोफत आहे. 'छाया' पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. इंटरनेटवर मात्र जिकडेतिकडे "आशाताईंना विचारा" असं लिहिलेलं असतं. गोव्यात आशा नेमलेल्या नाहीत. इथे विचारायचं ते उपकेंद्रातल्या नर्सबाईंना.

नववीच्या वर्गाला हा विषय शिकवायचा आहे. मुलं हसतात, मुली मान खाली घालतात, आणि तास संपतो.
— शिक्षिका, सत्तरी

बाई, आकृतीपासून सुरुवात करू नका, प्रश्नांपासून करा. आदल्या आठवड्यात सगळ्यांना सारख्या मापाचे कागद आणि एकाच रंगाची पेनं द्या. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच आणि कागद घडी करून एका खोक्यात टाकायचा. प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" हे तीनदा लिहायचं. ही अट महत्त्वाची, नाहीतर कोण लिहितंय ते शेजाऱ्याला कळतं आणि खरा प्रश्न येत नाही. खोका वर्गात उघडू नका. घरी नेऊन वाचा, सारखे प्रश्न एकत्र करा आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तुमच्या हाताने पुन्हा लिहून काढा. टवाळीचे प्रश्नही फेकू नका. घाणेरड्या शब्दांत विचारलेला प्रश्न बहुधा खरा असतो, विचारणाऱ्याला तेवढा एकच शब्द माहीत असतो. योग्य शब्दात लिहा आणि उत्तर द्या.

मुलगे-मुली वेगळे बसवायचे का? पाळीचं वापरातलं, पॅड वगैरे, मुलींना वेगळं सांगा. बाकीचं एकत्र. पाळी म्हणजे काय हे मुलग्यांनी ऐकलं की डाग बघून हसणं कमी होतं. चाळीस मिनिटांच्या तासात सहा-सात प्रश्नांपेक्षा जास्त होत नाहीत, दुसरा तास आधीच मागून ठेवा. एखाद्या उत्तराची खात्री नसेल तर उद्या सांगते म्हणा आणि उद्या खरंच सांगा.

एखाद्या कागदावर किंवा तासानंतर कुणी अत्याचाराबद्दल सांगितलं तर "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पोक्सोप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला खोदून विचारू नका, त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा, "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा आणि त्याच दिवशी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा पोलीस.

एवढं सगळं सांगितलं की मुलं बिघडणार नाहीत का? आम्हाला कुणी सांगितलं होतं?
— एक वडील, म्हापसा

जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ मध्ये दिलेला निष्कर्ष असा की अशा शिक्षणाने मुलांमधले लैंगिक संबंध वाढत नाहीत, धोकाही वाढत नाही. आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही तेव्हा मुलांच्या हातात मोबाईल नव्हता. आज "सांगायचं की नाही" हा पर्याय उरलेलाच नाही, आधी कोण सांगतं एवढंच तुमच्या हातात आहे.

कळंगुटला हॉटेलात काम करतो, वय २३. दोन आठवड्यांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला. एचआयव्हीची तपासणी केली तर मालकाला कळेल का? आणि गावातल्या फार्मसीत कंडोम मागायला लाज वाटते, सगळे ओळखीचे.

मालकाला कळणार नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ही तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतो आणि संमतीशिवाय रक्त घेतलं जात नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने निकाल गुप्त ठेवणं आणि नोकरीत भेदभाव न करणं बंधनकारक केलं आहे. गोव्यात तपासणीची भीती जुनी आहे आणि ती बिनबुडाची नव्हती. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदाता तरुणाला एचआयव्ही आढळल्यावर म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. आज तसं करता येत नाही, आणि आज रोज घ्यायची मोफत औषधं आहेत, ज्यांवर माणूस कामधंदा करून पूर्ण आयुष्य जगतो.

तारखा लक्षात ठेवा. संसर्गाची भीती असेल त्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत रुग्णालयात गेलात तर डॉक्टर २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं द्यायची का ते ठरवतात. तुमची ती मुदत गेली. आज तपासलंत तर बहुधा "नाही" येईल, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. तरीही आताच एकदा जा, कारण गरमी-परम्यासारख्या संबंधांतून पसरणाऱ्या इतर आजारांचीही तपासणी तिथे होईल. मग ३ महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा. तोपर्यंत कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका. फोनवर विचारायचं तर १०९७, मोफत आहे.

निरोध आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. विकत घ्यायचे तर म्हापशाच्या बाजारातल्या कुठल्याही फार्मसीत नुसतं कंपनीचं नाव सांगितलं तरी चालतं. पाकिटावरची मुदत बघा, दोन बोटांनी दाबून हवेचा फुगा लागतो का बघा. हवा नसेल तर पाकीट कुठेतरी फाटलेलं आहे. दाताने फोडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, ताठरलेल्या लिंगावर मुळापर्यंत उलगडा. उलटं लावलं गेलं तर तेच सुलट करून वापरू नका, नवीन घ्या. काम झाल्यावर ताठरपणा जायच्या आत कडा धरून बाहेर काढा. एकावर एक दोन घालू नका, घासून दोन्ही फाटतात.

आणि खोबरेल तेल नको. आपल्याकडे ते प्रत्येक घरात असतं, सहज हाताला येतं, पण तेलाने रबर काही मिनिटांत कमकुवत होतं आणि कंडोम फाटल्याचं नंतरच कळतं. पाण्याचं जेल घ्या. पाकीट स्कूटरच्या डिकीत किंवा मागच्या खिशात महिनोन् महिने ठेवलेलं असेल तर टाकून द्या. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत रबराचं काय होतं ते जुन्या रबर बँडवर बघितलंच असेल.